पहिल्या दोन सेटची किंमत

१९२७ साली विम्बल्डन जिंकताना आंरी कोशे या फ्रेंच खेळाडूने शेवटच्या तिन्ही फेऱ्यांत पहिले दोन सेट गमावले होते. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेच्या फ्रँक हंटरने त्याला ३-६, ३-६ असं मागे टाकलं, मग कोशेने पुढचे तीन सेट घेतले. उपांत्य फेरीत समोर बिल टिल्डन, म्हणजे त्या दशकातला सर्वांत दबदब्याचा माणूस. टिल्डनने ६-२, ६-४ असे दोन सेट खिशात घातले आणि तिसऱ्यात तो ५-१ असा पुढे होता. प्रेक्षक उठायच्या बेतात असावेत अशी ती वेळ, आणि तिथे कोशेने सलग सतरा गुण घेतले. तो सेट ७-५ असा त्याच्याकडे आला आणि पुढचे दोनही. अंतिम सामन्यात त्याचाच देशबंधू झाँ बोरोत्रा होता. पुन्हा ४-६, ४-६. या वेळी बोरोत्राच्या हाती सहा मॅच पॉइंट आले, सहाही निसटले, आणि शेवटचा सेट ७-५ असा जिंकून कोशे विजेता ठरला. त्यानंतर विम्बल्डनच्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात दोन सेटची पिछाडी भरून काढून कुणी जिंकलेलं नाही. शतक भरत आलं.

अशा सामन्यांची वर्णनं वाचताना आपण खेळाडूच्या मनाबद्दल बोलू लागतो: जिद्द, कच खाणं, दडपण, उसळी. सुरुवातीचा सेट जिंकला की आत्मविश्वास वाढतो आणि हरलेल्याचे खांदे पडतात, म्हणून पहिला सेट घेणारा बहुधा सामना घेतो, असं समालोचक गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत. ते खोटं नाही, पण त्यात मोठा कारक झाकला जातो. सुरुवातीच्या सेटला किती किंमत असावी हे खेळाडूंच्या मनापेक्षा नियम करणाऱ्या समित्यांनी जास्त ठरवलेलं आहे. सामना किती सेटचा, सेट कुठे संपवायचा, मध्ये विश्रांती किती, गतविजेत्याला कितव्या फेरीत उतरवायचं हे निर्णय जसजसे बदलत गेले तसतशी आघाडीची किंमत बदलली. कोशेचे ते तिन्ही सामने तीन सेटचे असते तर तो उपांत्यपूर्व फेरीतच सरळ सेटमध्ये हरला असता आणि त्याच्या जिद्दीबद्दल कुणी एक ओळ लिहिली नसती.

मुळात सेट मोजायचे हेही एका समितीनेच ठरवलं. मेजर वॉल्टर विंगफील्डने १८७४ मध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं तेव्हा खेळ पंधरा गुणांचा होता आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळे. मेरिलबोन क्रिकेट क्लबने १८७५ मध्ये केलेल्या नियमांतही तीच पद्धत राहिली. १८७७ मध्ये लंडनजवळच्या वर्पल रोडवरच्या क्रोके क्लबने पहिली स्पर्धा भरवायचं ठरवलं तेव्हा ज्युलियन मार्शल, हेन्री जोन्स आणि सी. जी. हीथकोट या तिघांवर नियमांचं काम आलं. मार्शल हा भिंतींच्या आतल्या जुन्या राजेशाही टेनिसचा अभ्यासक. या तिघांनी पंधरा गुणांची पद्धत बाजूला ठेवून त्या जुन्या खेळातली पंधरा, तीस, चाळीस ही मोजणी आणि तिच्यावर उभे असलेले गेम व सेट उचलले. बावीस जणांनी नावं दिली, आणि अंतिम सामन्यात स्पेन्सर गोरने विल्यम मार्शलला ६-१, ६-२, ६-४ असं हरवलं.

या निवडीचा परिणाम दूरवरचा होता. क्रिकेटमध्ये पहिल्या डावात घेतलेली दोनशे धावांची आघाडी दुसऱ्या डावात बरोबर येते. समोरच्याला आधी ती फेडावी लागते. टेनिसमध्ये ६-० असा घेतलेला सेट आणि २४-२२ असा घेतलेला सेट यांची नोंद एकच, आणि पुढचा सेट दोघांसाठी शून्यापासून. म्हणजे आघाडी घेणाऱ्याने जमवलेले जादा गेम दर सेटअखेर पुसले जातात आणि त्याच्याजवळ राहतं ते फक्त ‘अजून किती सेट हवेत’ एवढंच. मागे पडलेल्याच्या दृष्टीने ही फार मोठी सवलत आहे. विम्बल्डनच्या पहिल्या दशकांत ती वापरलेली दिसते. १८८९ च्या स्पर्धेत विल्यम रेनशॉ हॅरी बार्लोविरुद्ध ३-६, ५-७ असा मागे होता, चौथ्या सेटमध्ये त्याने सहा मॅच पॉइंट वाचवले, पाचव्यात तो ०-५ असा मागे पडला, आणि तरी ८-६, १०-८, ८-६ असा जिंकून शेवटी विजेता झाला. गुण किंवा गेम सलग मोजायची पद्धत असती तर हा सामना फिरण्याआधीच संपलेला होता.

त्या काळात आघाडीच्या किमतीवर आणखी एका नियमाची सावली होती. १८७८ ते १९२१ या काळात विम्बल्डनचा गतविजेता आधीच्या फेऱ्या खेळतच नसे. बाकीच्यांनी आपसांत लढून एक आव्हानवीर काढायचा आणि मग त्याने ताज्यातवान्या विजेत्याशी खेळायचं. हाच रेनशॉ १८८१ ते १८८६ सलग सहा वर्षं जिंकला, त्यांतली शेवटची पाच विजेतेपदं त्याला दर वर्षी एकेक सामना खेळून मिळाली. आव्हानवीर आठवडाभराचा थकवा घेऊन उतरे, त्यामुळे त्याला सामना लवकर संपवणं भाग असे. विजेत्याला मात्र दोन सेट गेले तरी तिसरा, चौथा, पाचवा खेळण्याइतका दम शिल्लक असे. या पद्धतीचा शेवटचा सामना १९२१ चा. टिल्डन आजारपणातून उठून आलेला, समोर दक्षिण आफ्रिकेचा तरुण ब्रायन नॉर्टन. नॉर्टनने ६-४, ६-२ असे दोन सेट घेतले आणि पुढे तो १-६, ०-६, ५-७ असा हरला. टिल्डनचं मोठेपण मान्य करूनही विचारावंसं वाटतं, की हाच टिल्डन आजारी अंगाने आधीच्या साऱ्या फेऱ्या खेळून तिथवर आला असता तर पाचवा सेट त्याला झेपला असता का? पुढच्या वर्षापासून विजेत्यालाही पहिल्या फेरीपासून खेळावं लागलं.

सेट पुसला जातो हे ओळखून काही खेळाडूंनी तर तो मुद्दाम सोडायलाही सुरुवात केली. याचं सर्वांत उघड उदाहरण १९४८ चा विम्बल्डन विजेता बॉब फाल्केनबर्ग. अंतिम सामन्यात त्याने जॉन ब्रॉमविचला ७-५, ०-६, ६-२, ३-६, ७-५ असं हरवलं आणि पाचव्या सेटमध्ये तीन मॅच पॉइंट वाचवले. गेम मोजले तर ब्रॉमविचचे जास्त भरतात. फाल्केनबर्ग सेट हातचा जातोय असं दिसलं की तो सोडून द्यायचा, दम खायचा आणि पुढच्यात ताकद लावायचा. प्रेक्षकांना हे आवडत नसे, पण नियमांत बसत होतं. म्हणजे ‘हा सेट जिंकला’ या वाक्याचा अर्थही तपासून घ्यावा लागतो. काही वेळा तो समोरच्याने विश्रांतीच्या मोबदल्यात दिलेला असतो.

थोडं गणित इथे टाळता येत नाही. दोन खेळाडू अगदी बरोबरीचे आहेत आणि प्रत्येक सेट कुणाकडेही जाऊ शकतो असं धरा. पाच सेटच्या सामन्यात पहिला सेट घेणाऱ्याची सामना जिंकण्याची शक्यता शंभरात जवळपास ६९ होते. दोन सेट घेणाऱ्याची साडेसत्त्याऐंशी. तीन सेटच्या सामन्यात पहिलाच सेट घेतला की ७५. यात मनाचा, दडपणाचा, उसळीचा काही संबंध नाही. नाणेफेक केली तरी हेच आकडे येतात. आता बरोबरीचे नसलेले दोघे घ्या: एकाची कुठलाही सेट जिंकण्याची शक्यता शंभरात ७०. तो पहिला सेट हरला तर तीन सेटच्या सामन्यात त्याच्या हाती ४९ उरतात, म्हणजे वरचढ खेळाडू एका सेटमध्ये किंचित खालचा ठरतो. तोच पाच सेटच्या सामन्यात पहिला सेट हरूनही ६५ वर असतो. ही तफावत नियमातून येते, खेळाडू आणि त्याचं मन दोन्हीकडे तेच आहे. आणि जो खरोखरच वरचढ आहे, समजा शंभरात ऐंशी सेट घेणारा, तो दोन सेट हरूनही पाच सेटच्या सामन्यात निम्म्याहून किंचित जास्त शक्यता राखून असतो. कोशेच्या मुसंड्या या दृष्टीने पाहिल्या तर थोड्या कमी अद्भुत वाटतात, विशेषतः हंटरविरुद्धची.

उलट बाजूनेही हे तपासता येतं. रॉजर फेडररने २०११ च्या विम्बल्डनपर्यंत ग्रँड स्लॅममध्ये पहिले दोन सेट जिंकलेले १७८ सामने खेळले होते आणि सगळे जिंकले होते. मग त्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत जो-विल्फ्रीड त्सोंगाने तो विक्रम मोडला. रफाएल नदालचा असाच विक्रम १५१ सामन्यांचा होता. २०१५ च्या अमेरिकन ओपनमध्ये फाबियो फोनिनीने तो संपवला. समोरचे बरोबरीचे असते तर निव्वळ नाणेफेकीच्या हिशेबाने फेडरर त्या १७८ पैकी बावीस सामने हरायला हवा होता. हरला नाही, कारण समोरचे बहुतेक बरोबरीचे नव्हते. दोन सेटची आघाडी ही अशा वेळी विजयाचं कारण नसते. कोण वरचढ आहे याची ती आधीच मिळालेली खूण असते. ‘पहिले दोन सेट जिंकणारा नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा जिंकतो’ अशा धर्तीची वाक्यं ऐकताना हा फरक विसरला जातो. त्या टक्क्यांत पहिल्या फेरीतले, मानांकित खेळाडूंनी पात्रता फेरीतून आलेल्यांना लोळवलेले असंख्य सामने मिसळलेले असतात.

नियमाने आघाडीची किंमत रातोरात बदलल्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा महिलांच्या टेनिसमध्ये मिळतो, आणि तो थोडा संतापजनकही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत १८९१ पासून महिलांच्या अंतिम लढती पाच सेटच्या होत. १९०१ साली एलिझाबेथ मूर आधी मेरियन जोन्सविरुद्ध ४-६, १-६ अशी मागे पडली आणि ९-७, ९-७, ६-३ असं जिंकली. अठ्ठावन्न गेम. दुसऱ्याच दिवशी गतविजेत्या मर्टल मॅकअटीयरशी पुन्हा पाच सेट: ६-४, ३-६, ७-५, २-६, ६-२. दोन दिवसांत एकशे पाच गेम खेळून ती विजेती झाली. यावर अमेरिकेच्या टेनिस संघटनेने काढलेला निष्कर्ष असा, की बायकांना पाच सेट झेपत नाहीत. पुढच्या वर्षापासून तीन सेट. खेळाडूंना कुणी विचारलं नाही आणि मूरने या निर्णयाला उघड विरोध केला होता. जिने दोन सेटची पिछाडी भरून काढून पाच सेट झेपतात हे दाखवून दिलं, तिच्याच पराक्रमाचा आधार घेऊन तशी पिछाडी भरून काढायची सोय बंद झाली. त्यानंतर महिलांचा पाच सेटपर्यंत गेलेला सामना पाहायला १९९० साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्कमधल्या वर्षअखेरच्या स्पर्धेचा अंतिम सामना तेव्हा काही वर्षं पाच सेटचा ठेवला होता, आणि त्यात मोनिका सेलेसने गाब्रिएला साबातिनीला हरवलं. १९९८ नंतर तीही सोय गेली. महिलांच्या सामन्यात पहिला सेट इतका निर्णायक का, याची चर्चा करताना मानसशास्त्राकडे वळण्याआधी १९०२ कडे पाहायला हवं.

सेट कुठे संपवायचा हा दुसरा कळीचा प्रश्न. १९७० पर्यंत दोन गेमच्या फरकाशिवाय सेट संपत नसे. १९६९ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत ४१ वर्षांचा पांचो गोन्झालेस आणि त्याच्याहून बराच तरुण चार्ली पासारेल यांची गाठ पडली. पहिला सेट पासारेलने २४-२२ असा घेतला. तोवर उजेड सरला होता. गोन्झालेसने खेळ थांबवा म्हणून पंचांकडे तगादा लावला, त्यांनी ऐकलं नाही, आणि संतापलेल्या गोन्झालेसने दुसरा सेट १-६ असा जवळजवळ फेकून दिला. रॅकेट आपटून तो कोर्टाबाहेर गेला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मग रात्र झाली. दुसऱ्या दिवशी तो झोप काढून आला आणि १६-१४, ६-३, ११-९ असे तिन्ही सेट त्याने घेतले. वाटेत सात मॅच पॉइंट वाचवले. ११२ गेम, पाच तास बारा मिनिटं. या सामन्यात पासारेलच्या आघाडीची किंमत कुणी कमी केली? गोन्झालेसच्या जिद्दीने, हे खरंच. पण अंधारानेही, रात्रीच्या विश्रांतीनेही, आणि तो शेहेचाळीस गेमचा सेट सहा गेमच्या सेटइतकाच मोजणाऱ्या नियमानेही. पुढच्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये आणि १९७१ मध्ये विम्बल्डनला टायब्रेक आला. विम्बल्डनमध्ये आधी ८-८ वर, १९७९ पासून ६-६ वर.

विश्रांतीचा नियम तर आता विसरलाच गेलाय. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात दीर्घकाळ अशी तरतूद होती की तिसऱ्या सेटनंतर कुणाही खेळाडूला दहा मिनिटं विश्रांती मागता येईल. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना १५ अंशांच्या आतल्या देशांत मात्र पंचेचाळीस मिनिटं. (चेन्नई या पट्ट्यात येतं, मुंबई-पुणे बाहेर, आणि पणजी अगदी थोडक्यात बाहेर.) दोन सेट हरून तिसरा कसाबसा घेतलेल्या खेळाडूला कपडे बदलायला, अंग चोळून घ्यायला आणि कप्तानाशी बोलायला नियमानेच वेळ दिला होता. जिंकत आलेल्याचं अंग तेवढ्यात गार पडे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. मन म्हणून काही आहे की नाही? पॅरिसमध्ये १९८४ च्या अंतिम सामन्यात जॉन मॅकेन्रो दोन सेट पुढे असताना कोर्टाशेजारच्या कॅमेरामनच्या हेडफोनमधल्या आवाजावर भडकला, तोल गेला आणि इव्हान लेंडलने सामना ३-६, २-६, ६-४, ७-५, ७-५ असा काढला. त्या वर्षी मॅकेन्रो फक्त तीन सामने हरला, त्यांतला हा एक. आणि हे केवळ किश्शांपुरतं नाही. लायोनेल पेज आणि जॉन कोट्स यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फक्त असे सामने निवडले, ज्यांत पहिला सेट अटीतटीच्या टायब्रेकवर गेला होता. म्हणजे दोघे त्या दिवशी जवळपास तोडीस तोड होते. पुरुषांत असा टायब्रेक जिंकणाऱ्याने दुसरा सेट शंभरात साठ वेळा जिंकला. महिलांत असा परिणाम दिसला नाही. एक-दोन गुणांच्या नशिबाने मिळालेला सेट पुढच्या सेटवर परिणाम करतो, हे यातून मान्य करावं लागतं.

पण किती? त्याच गणितात हे साठ घाला. तीन सेटच्या सामन्यात, तिसरा सेट बरोबरीचा धरला, तर पहिला सेट घेणाऱ्याची शक्यता ७५ वरून ८० वर जाते. म्हणजे ५० पासून ७५ पर्यंतचा प्रवास नियमाने घडवला आणि वरचे पाच मनाने. तिसरा सेट बरोबरीचा का धरायचा, असं कुणी विचारेल. डेव्हिड माल्यूग आणि अँड्र्यू येट्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये सट्टेबाजारातल्या भावांवरून तोडीस तोड ठरणाऱ्या पुरुष खेळाडूंचे तीन सेटचे सामने तपासले. दुसऱ्या सेटमध्ये पहिला जिंकणारा सरस ठरतो, पण सामना १-१ झाला की तिसऱ्यात दोघे सारखेच, असं त्यांना आढळलं. आत्मविश्वास हे खरं कारण असतं तर दुसरा सेट ताजा जिंकून आलेला तिसऱ्यात पुढे असायला हवा होता. त्यांचा खुलासा वेगळा आहे: ज्याला एकच सेट हवा आहे त्याला जोर लावण्यात फायदा दिसतो, ज्याला अजून दोन हवेत त्याला कमी दिसतो, आणि दोघांना एकेक हवा असला की जोर सारखा. हे वागणं मनाचं असलं तरी त्याला वळण लावतो तो फलक, आणि फलक नियमाचा. यान माग्नुस आणि फ्रांक क्लासेन यांनी १९९२ ते १९९५ च्या विम्बल्डनमधल्या ४८१ सामन्यांतले सुमारे ८६ हजार गुण तपासले, तेव्हाही त्यांना आधीच्या गुणाचा पुढच्यावर परिणाम सापडला, पण तो इतका लहान होता की बऱ्याच हिशेबांत तो सोडून दिला तरी चालावं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पाच सेटचा नियम ग्रँड स्लॅममध्ये जुनाच आहे; मग अलीकडे अंतिम सामने इतके का फिरू लागले? खुल्या स्पर्धांचं युग १९६८ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून २०१९ पर्यंत पुरुष एकेरीच्या ग्रँड स्लॅम अंतिम सामन्यात दोन सेटची पिछाडी चारदाच भरून निघाली, आणि चारही वेळा पॅरिसच्या लाल मातीवर: बोर्ग १९७४, लेंडल १९८४, आगासी १९९९, गौदियो २००४. मग २०२० मध्ये न्यूयॉर्कला थिम, २०२१ मध्ये पॅरिसला जोकोविच, २०२२ मध्ये मेलबर्नला नदाल, २०२४ मध्ये तिथेच सिनर, आणि २०२५ मध्ये पॅरिसला अल्काराझ, तोही चौथ्या सेटमध्ये तीन मॅच पॉइंट वाचवून. सहा हंगामांत पाच. व्यायाम, आहार, फिजिओ या सगळ्यामुळे आजचा खेळाडू पाचव्या तासालाही धावतो, हे उत्तर बरोबर आहे. पण त्या पाचांपैकी एका सामन्यानंतर हरलेल्याने बोट ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीवर. २०२१ मध्ये दोन सेट हरल्यावर जोकोविच कोर्टाबाहेर जाऊन आला आणि परतला तो वेगळाच खेळाडू होता, असं स्टेफानोस त्सित्सिपास म्हणाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये लांबलचक स्वच्छतागृह-विश्रांती घेतल्याबद्दल अँडी मरेने तोफ डागली ती त्सित्सिपासवरच. २०२२ पासून पुरुषांच्या टूरने अशी विश्रांती सामन्यात एकदाच आणि तीन मिनिटांची केली, कपडे बदलायचे असतील तर आणखी दोन. जुन्या दहा मिनिटांच्या विश्रांतीचा हा मागच्या दाराने आलेला अवतार होता. नियम करणाऱ्यांना त्याची किंमत कळली म्हणून त्यांनी तो आवळला.

हा प्रश्न आपल्याकडच्या टेनिसप्रेमींना परका वाटण्याचं कारण नाही, कारण भारताच्या टेनिसमधले सर्वांत मोठे दिवस पाच सेटच्या नियमावर उभे आहेत. १९६६ मध्ये कोलकात्यात ब्राझीलविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना रामनाथन कृष्णन थॉमस कॉखविरुद्ध दोन सेटला एक असा मागे आणि चौथ्यात २-५ असा मागे होता. तिथून ७-५, ६-२ असं जिंकून त्याने भारताला प्रथमच डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत नेलं. १९९५ मध्ये दिल्लीच्या हिरवळीवर लिएंडर पेसने क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविचला पहिले दोन सेट दिले आणि ७-६, ६-४, ६-१ असं हरवलं. हाच नियम आपल्याविरुद्धही गेला. १९८१ च्या विम्बल्डनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत विजय अमृतराजने जिमी कॉनर्सविरुद्ध ६-२, ७-५ असे दोन सेट घेतले होते. सामना तीन सेटचा असता तर अमृतराज उपांत्य फेरीत होता. तो पाच सेटचा होता आणि कॉनर्सने तो ६-४, ६-३, ६-२ असा फिरवला. पुढच्याच सामन्यात कॉनर्सने बोर्गविरुद्ध ६-०, ६-४ अशी आघाडी घेतली आणि तो स्वतः पाच सेटमध्ये हरला. दोन दिवसांपूर्वी दोन सेटची पिछाडी सहज पुसणाऱ्या माणसाच्या मनाबद्दल यावरून काय अनुमान काढायचं, ते मन हेच कारण मानणाऱ्यांनी सांगावं.

गेल्या वीस वर्षांत हा नियम एकेका ठिकाणाहून गेला आहे. २००६ मध्ये रोमचा अंतिम सामना नदाल आणि फेडरर पाच तास पाच मिनिटं खेळले, दोघांनीही पुढच्या आठवड्यातल्या हॅम्बुर्गमधून माघार घेतली, आणि वर्षभरातच मास्टर्स स्पर्धांचे अंतिम सामने तीन सेटवर आले. वर्षअखेरच्या स्पर्धेचा २००७ चा अंतिम सामना पाच सेटचा शेवटचा. २०१९ पासून डेव्हिस कपमध्ये सगळीकडे तीन सेट, त्यामुळे पेसने दिल्लीत केलं ते आता कुणालाही करता येणार नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा अंतिम सामनाही तीन सेटचा झाला. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ जी महाराष्ट्र ओपन झाली तिच्यात तर पाच सेटचा प्रश्नच नव्हता. यांतल्या प्रत्येक निर्णयामागे वेळापत्रक, दूरचित्रवाणी आणि खेळाडूंची दमछाक ही कारणं दिली गेली आणि ती रास्तही असतील. मात्र प्रत्येक निर्णयाने पहिल्या सेटची किंमत शंभरात सहाने वाढवली आणि वरचढ खेळाडूला चूक सुधारायला मिळणारी जागा कमी केली, याची चर्चा कुठल्या बैठकीत झाल्याचं दिसत नाही. ती व्हायला हवी होती, आणि ग्रँड स्लॅममध्येही तीन सेट करा अशी मागणी पुन्हा पुन्हा येते तेव्हा तरी व्हावी. विम्बल्डनमध्ये पुरुष दुहेरीचे सामने २०२२ पर्यंत पाच सेटचे होते. २०२३ पासून तिथेही तीनच आहेत.